पान चार, शुक्रवार

दसरा चौकाजवळच्या हॉलात आम्ही अकरा जण,
त्यातले दोघे पंख्याखाली बसायला आलेले.
भिंतीवर चादर, चादरीला घडीची रेघ,
आणि त्या रेघेवर, बावन्न वर्षांनी,
हिंदुराव वडणगेकरचा 'तिसरी काहिल'.

मी तेव्हा पान चारवर लिहायचो.
कुठला सिनेमा उभा राहणार, कुठला आडवा,
हे मिरजकर तिकटीला माझ्या ओळींवर ठरायचं.
असं मला वाटायचं.
ह्याला मी चार ओळी दिल्या. पाठ आहेत:
गुऱ्हाळाचा धूर फार, गोष्ट थोडी.
संवाद लिहायला माणूस मिळाला नसावा.
झोप मात्र झकास लागते,
त्या हिशेबानं तिकीट वसूल.
मंगळवारी सिनेमा उतरला.
लोकांनी मला गाठून चहा पाजला.

त्याच महिन्यात 'मळवटाची लाज'.
पंचवीस आठवडे. कागलहून, गारगोटीहून गाड्या भरून माणसं.
त्याला अर्धं पान.
नायक भर चावडीत बायकोच्या थोबाडीत देतो,
त्या एका थपडेवर माझ्या एकवीस ओळी.
परवा नातवाच्या फोनवर ती पुन्हा पाहिली.
अजून वाजते. गडी तालमीतला होता.
पण कॅमेरा हाताकडे बघतोय,
गालाकडे नाही.
गाल कुणाचा होता, ते मीही लिहिलं नव्हतं.

आता 'तिसरी काहिल'. सरळ सांगतो, सगळा भारी नाही.
दुसरं गाणं तेव्हाही कानाला टोचायचं, आताही टोचतं.
ओठ पुढे जातात, आवाज मागून चालत येतो.
शेवट तर पैसे संपल्यावर
घाईत खिळा ठोकावा तसा.
पण मध्ये ते आहे.

जळव्याची बायको चुलवाणात चिपाडं सारते.
नवरा विचारून गेलाय, पैसं कुठं ठिवल्यास?
ती बोलत नाही.
दोन मिनिटं, मी घड्याळ लावलं,
नुसती चिपाडं.
जाळ चढला की चेहरा येतो,
जाळ बसला की जातो.
वर काहिलीत रस रटरटतो, तेवढाच काय तो आवाज.
ह्याच जागी मी थेटरात ओरडलो होतो,
'आवाऽऽज!'
आणि अख्खं पिट माझ्यामागून.

चेहरा कुठं तरी पाहिलेला.
घरी येऊन फोन मागून घेतला. चावडी. थप्पड.
थांबवलं. मागे नेलं.
गर्दीत तिसऱ्या ओळीत, कंदीलवाल्याच्या खांद्याआड,
तीच.
सगळे बघे टाळ्या पिटतात.
ती खाली मान घालून
पायाच्या अंगठ्यानं माती उकरते.
हे तिला कुणी सांगितलं नसणार.
दोन्हीकडे पाटीवर नाव नाही.
पोस्टर रंगवायचा तो गुलाब अत्तार म्हणतो,
आक्काताई असंल. न्हाईतर तिची भैन.

आमचं दैनिक बंद पडलं, तिथं आता मोबाईलची कव्हरं मिळतात.
तरी मी चार ओळी काढायला बसलोय.
पहिली झाली.
दुसरी होत नाही.

हिंदुरावनं पुढं कॅमेरा धरला नाही.
उद्यमनगरात पंप दुरुस्तीचं दुकान घातलं.
ब्याऐंशी साली मी पंप घेऊन गेलो
तर नाव न विचारता त्यानं पावतीवर लिहिलं,
आडनावासकट, बरोबर.
स्टूल पुसून दिलं. चहा सांगितला.
मी म्हणालो, धंदा बरा आहे का?
म्हणाला, 'पाण्याचा आवाज येतोय न्हवं? मग झालं.'

पंप कधीच भंगारात गेला.
पावती आज कपाटात सापडली:
दुरुस्ती पंच्याऐंशी.
खाली, पेन्सिलीनं,
सूट अकरा रुपये.